ओळंबा कोणाच्या हातात?



गटाच्या बैठकीत घराचा विषय निघाला की आपण सिमेंटचा भाव, वाळूची गाडी आणि मिस्त्री कधी येणार यावर बोलतो. आज त्याच घराकडे जरा वेगळ्या बाजूने बघू या. घर बांधायची साधी हत्यारे कोणती, ती कशी बदलत गेली, आणि त्यातली कोणती बाईच्या हातात आली व कोणती आली नाहीत, याचा हा इतिहास आहे. ऐकताना वाटेल की हे सगळे जुने आहे. पण शेवटी आपण जिथे पोहोचणार आहोत ती गोष्ट आपल्या उद्याच्या मजुरीची आणि आपल्या घराच्या भिंतीची आहे.

डोंगरात कोरलेली नावे

अंबडपासून जवळच, मुंबई-आग्रा महामार्गालगत पांडवलेण्यांचा डोंगर आहे. जुन्या लेखांत त्याला त्रिरश्मी म्हटले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी तिथला काळा दगड छिन्नी-हातोड्याने पोखरून आत खोल्या काढल्या. त्या खोल्यांत उभे राहून भिंतींकडे नीट बघा. कोपरे काटकोनात आहेत, बसायचे दगडी बाक सपाट आहेत. नुसती छिन्नी चालवून हे होत नाही. रेघ सरळ आहे का, जमीन समतल आहे का, हे तपासायचे काहीतरी साधन हाताशी असावेच लागते.

या लेण्यांत बायकांची नावे कोरलेली आहेत. गौतमी बलश्री या राजमातेने दिलेल्या लेण्याचा मोठा लेख तिथे आहे. क्षत्रप नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने एक खोली दान दिली. लेखात त्या खोलीला ‘ओवरक’ म्हटले आहे. आपली देवळातली ‘ओवरी’ त्याच शब्दाच्या नात्यातली. भटपालिका नावाच्या बाईने इथले चैत्यगृह पुरे करून घेतले, तेही तिच्या बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या नावासकट लिहिलेले आहे.

म्हणजे बाईने बांधकाम करवून घेणे ही काही आजची गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, तोही याच परंपरेतला. पण ही नावे झाली पैसा देणाऱ्या बायकांची. दगडाच्या चिपा उचलून डोंगराखाली नेणाऱ्यांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. आपल्याला आज त्यांच्याकडे बघायचे आहे.

कुडाच्या घरात बाई कारागीर होती

आता लेणी आणि वाडे सोडून साध्या घराकडे येऊ. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागात अजूनही कुठे कुठे कुडाची घरे दिसतात. लाकडी मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या किंवा बांबूच्या काड्यांचा ताटवा बांधायचा आणि त्यावर दोन्ही बाजूंनी माती-शेणाचे लिंपण करायचे. काड्यांचा सांगाडा भिंतीच्या पोटातच राहतो. तो मातीला धरून ठेवतो आणि माती त्याला झाकते. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

या घरात मेढी पुरुष रोवत, पण भिंत खरी करणारा हात बाईचा असे. माती कोणत्या शेतातली घ्यायची, तिच्यात भुसा किती घालायचा, किती वेळ तुडवायची, शेण किती मिसळायचे म्हणजे तडे जाणार नाहीत, हे सगळे बायकांचे ज्ञान. हत्यार म्हणजे तळहात. दर सणाला भिंत पुन्हा लिंपायची, म्हणजे दुरुस्तीही तिचीच. त्या कामाला कुणी कारागिरी म्हटले नाही, घरकाम म्हटले. पण घराची भिंत तिला कळत होती हे नक्की.

गवंड्याची पिशवी

दगडाचे, विटांचे पक्के घर आले तसा गवंडी आला आणि त्याची पिशवी आली. थापी, रंधा, दोरी, ओळंबा, गुण्या. थापीने माल लावायचा आणि रंध्याने गिलावा सारखा करायचा. उरलेली तीन साधने मात्र काम करायची नसून काम तपासायची आहेत, आणि भिंतीचे खरेखोटे तीच सांगतात.

पहिले, ओळंबा. दोरीला बांधलेले वजन आणि दोरीत ओवलेला एक ठोकळा. ठोकळ्याची रुंदी आणि वजनाचा घेर सारखाच असतो. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा आणि वजन खाली सोडायचे. वजन भिंतीला जेमतेम लागले तर भिंत ओळंब्यात आहे. वजन भिंतीपासून सुटून लोंबकळत राहिले तर भिंतीचा माथा आपल्या बाजूला झुकला आहे. वजन भिंतीवर टेकून दोरी तिरपी झाली तर भिंत पलीकडे झुकली आहे. जमीन वस्तू खाली ओढते या एकाच नियमावर हे साधन चालते, म्हणून ते कधी जुने होत नाही.

दुसरे, पाणी. पाणी आपली पातळी आपणच शोधते. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, आतला हवेचा बुडबुडा काढून टाकायचा आणि नळीची दोन टोके घराच्या दोन कोपऱ्यांना धरायची. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल त्या खुणा एका पातळीत. सगळी जोती या नळीवर ठरतात.

तिसरा, गुण्या. म्हणजे काटकोन. गुण्या लहान पडला तर दोरी चालते. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण. दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा गुण्यात आहे. कमी-जास्त आले तर खोली तिरकी होणार, आणि ते कळेल फरशी बसवताना, म्हणजे फार उशिरा.

या तिन्ही साधनांना ताकद लागत नाही, लागते ती नजर आणि सवय. तरीही ती बाईच्या हातात आली नाहीत. चुना मळायच्या काळात बायका चुना चाळत, पाणी आणत, माल वाहत. हत्यार पेलवत नव्हते म्हणावे, तर वडार समाजातल्या बायका गावोगाव फिरून जात्याला आणि पाट्याला टाकी लावून देत होत्या. छिन्नी-हातोडीने दगडावर सारखे घाव घालणे हे नाजूक आणि अवघड दोन्ही काम. ते त्या करत होत्या. म्हणजे प्रश्न ताकदीचा नव्हता. ओळंबा ज्याच्या हातात तो मिस्त्री, घमेले जिच्या डोक्यावर ती बिगारी, आणि दोघांच्या मजुरीत फरक, अशी ती वाटणी होती.

साच्याचे युग

सिमेंट आले आणि ही वाटणी आणखी पक्की झाली. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट निघू लागले. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे काँक्रीट ओतले की ते साच्याचा आकार घेते. म्हणून नव्या घराचे खरे हत्यार साचा ठरला. आपण त्याला सेंट्रिंग म्हणतो. फळ्या किंवा प्लेटा लावायच्या, टेकू द्यायचे, आत सळया बांधायच्या, काँक्रीट ओतायचे आणि ते घट्ट झाले की सगळे उकलायचे.

नाशिकच्या या बाजूला औद्योगिक वसाहत झाली, शेजारी सिडकोच्या सहा योजना उभ्या राहिल्या. तिथल्या कितीतरी स्लॅब बायकांच्या डोक्यावरून वर गेल्या आहेत. खालून वरपर्यंत बायकांची रांग, हातातून हातात घमेले. स्लॅब एका दमात पुरा करावा लागतो, मध्ये थांबला तर सांधा कच्चा राहतो. त्यामुळे ही रांग जेवायलाही पाळीपाळीने बसते.

जगात या साच्यावर बरेच डोके चालले. विजेचा दिवा घरोघर पोहोचवणाऱ्या थॉमस एडिसनने अमेरिकेत अख्खे घर लोखंडी साच्यात एकदम ओतायचे ठरवले. पण त्या साच्याचे सुटे भाग इतके होते आणि ते इतके जड व महाग होते की थोडीच घरे होऊन ती कल्पना मागे पडली. मग उलटा विचार पुढे आला. साचा काढायचाच कशाला? तो भिंतीतच राहू दे!

कॅनडातल्या वेर्नर ग्रेगोरी या बांधकाम व्यावसायिकाने १९६६ साली असा साचा पेटंटसाठी मांडला. फोमचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या थर्माकोलसारख्या पदार्थाचे पोकळ ठोकळे. एकावर एक असे बसतात की खाच खाचेत अडकते. दोन बाजूंच्या पाट्यांना मधले बंध धरून ठेवतात. पोकळीत सळया उभ्या-आडव्या ठेवायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचे. साचा दोन्ही बाजूंनी भिंतीला कायमचा चिकटून राहतो आणि घरात थंडी-ऊन येऊ देत नाही. कॅनडातल्या बर्फात याचे मोल मोठे. आपला कुड आठवला का? सांगाडा भिंतीच्या पोटात राहतो ही कल्पना तीच. फक्त तिथे सांगाडा आत आणि माती बाहेर होती, इथे साचा बाहेर आणि काँक्रीट आत आहे.

आपल्याकडे फोमच्या ठोकळ्यांची घरे अजून विरळाच आहेत. पण साचा भिंतीतच ठेवायची पद्धत देशात आली आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत नव्या तंत्राच्या घरकुलांची पायाभरणी केली. त्यातल्या लखनऊच्या हजारावर घरांसाठी न काढता येणाऱ्या पीव्हीसीच्या साच्याची पद्धत निवडली होती. फोमबद्दल एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. तो उघडा ठेवता येत नाही. आग, उंदीर आणि वाळवी यांपासून जपायला त्यावर गिलावा किंवा पक्के आवरण लागतेच. आणि सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. घरासाठीचा फोम त्याहून घट्ट आणि वेगळ्या कामाचा असतो.

आता या नव्या भिंतीला हत्यारे कोणती लागतात ते ऐका. ठोकळे कापायला बारीक दातांची करवत. मोजायला टेप. रेघ मारायला रंगीत दोरी. सळया वाकवायचे आणि तोडायचे साधन, त्या बांधायला तार आणि पकड. भिंत सरळ धरून ठेवायला बाहेरून टेकू. या टेकूंना फिरवायचा पेच असतो, तो फिरवून भिंत रेसभर पुढे-मागे आणता येते. काँक्रीट ओतायला पंप, आत पोकळी राहू नये म्हणून व्हायब्रेटर. आणि तेच तीन जुने सोबती: ओळंबा किंवा लेव्हलपट्टी, पाण्याची पातळी आणि गुण्या. उलट इथे त्यांचे काम वाढले आहे. विटांच्या भिंतीत एक थर वाकडा गेला तर पुढच्या थरात सावरता येतो. इथे काँक्रीट आत गेले की भिंत जशी आहे तशी कायमची. म्हणून ओतण्याआधी ओळंबा, ओतताना ओळंबा आणि ओतून झाल्यावर लगेच ओळंबा. काँक्रीटही एकदम वरपर्यंत भरायचे नाही. भिंतीभोवती फिरत फिरत, तीन-चार फुटांचे थर देत वर जायचे. घाई केली तर आतल्या दाबाने साचा फुगतो किंवा फाटतो.

या यादीत एक हत्यार नाही, ते तुमच्या लक्षात आले असेल. घमेले नाही. काँक्रीट पंपातून येते. हे फक्त परदेशातले नाही. शहरात तयार काँक्रीटची गाडी आली तिथे घमेल्यांची रांग आजच मोडली आहे. एका बाजूने हे चांगलेच आहे, मानेवरचा भार उतरला. पण ज्या बाईला फक्त घमेले दिले होते, तिची मजुरीही त्या पंपाबरोबर गेली. उरलेले काम आहे ते मोजायचे, कापायचे, बांधायचे, तपासायचे. ठोकळे हलके आहेत, एक बाई सहज उचलेल. ओझे कमी आणि माप जास्त असे हे काम आहे. माप कोण शिकणार, हा प्रश्न म्हणूनच आता आपल्या पोटाचा झाला आहे.

किल्लारीने काय शिकवले

बायकांना हे जमेल का, असे कुणी विचारले तर उत्तर आपल्याच राज्यात आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हलली. सरकारी आकड्यांनुसार सुमारे ८ हजार माणसे गेली. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या होत्या, तरी पडल्या. कारण त्या आतून एक नव्हत्या. बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि बारीक दगड. दोन्ही थरांना बांधणारा आडवा लांब दगड घातलेलाच नव्हता. वरून माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे. हादरा बसला तशी भिंत दोन बाजूंना उकलली आणि माळवद खाली आले. पुष्कळ ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र ढासळल्या.

त्यानंतर ५२ गावे नव्याने वसवली गेली. पण त्याहून कितीतरी अधिक गावांत घरे जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि ते काम घरमालकांनी स्वतः करायचे होते. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या या कार्यक्रमात लोकांना सोबत घेण्याची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आली. संस्थेने गावागावांतल्या महिला मंडळांच्या बायका निवडल्या. त्यांना नाव मिळाले ‘संवाद सहायक’.

या बायका काय करत होत्या? आधी स्वतः शिकल्या. भिंतीत आडवा दगड कुठे आणि का घालायचा, कोपरे कसे बांधायचे, खिडकी-दाराच्या वर सगळ्या घराला कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा, माळवदावरची माती का उतरवायची. मग घरोघर जाऊन ते सांगितले. पैसे हप्त्यांनी येत होते, तेव्हा काम कुठवर आले यावर लक्ष ठेवले. मिस्त्रीला प्रश्न विचारले. घराबाहेर फारशा न बोलणाऱ्या बायका इंजिनिअरशी सळईच्या जाडीवर बोलू लागल्या. २००१ साली गुजरातमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

किल्लारीने दगडाला दोष दिला नाही, दगड रचण्याच्या पद्धतीला दिला. आणि पद्धत ज्यांना कळली त्यांत बायका होत्या. झारखंडमध्ये पुढे स्वच्छ भारत मोहिमेत हजारो बायकांनी थापी हातात घेऊन शौचालये बांधली. तिथे त्यांना ‘राणी मिस्त्री’ म्हणतात. मिस्त्री या शब्दाआधी राणी लागू शकते, हे त्यांनी दाखवले.

आपल्या घरकुलाच्या दारात

प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला. त्यात घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह असावे लागते, आणि ते बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हावे असा त्यात भर आहे. म्हणजे भटपालिकेसारखे आपले नाव आता कागदावर आले. पण नाव आपले आणि ओळंबा दुसऱ्याचा असे किती दिवस चालवायचे?

नव्या साच्याची घरे आपल्या गावात यायला वेळ लागेल. विटांच्या घराला मात्र आजच काही गोष्टी तपासता येतात.

जोते आखले की ३-४-५ ची दोरी लावून चारही कोपरे बघा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे आले पाहिजेत. पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी बघा. भिंत दर तीन-चार थरांनी ओळंब्यात आहे का बघा. वाळू मुठीत दाबून सोडा. हाताला चिखल चिकटला तर वाळूत माती आहे. सिमेंटच्या मालात काम सोपे व्हावे म्हणून जास्त पाणी ओतू देऊ नका, त्याने काँक्रीट कमजोर होते. सेंट्रिंगला सळई टेकलेली नको, खाली ठोकळे ठेवून ती उचललेली हवी; नाही तर पुढे ती गंजते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. रिंगांची टोके आत वळवलेली हवीत. दारा-खिडक्यांवरचा पट्टा तुटक नको, घराभोवती सलग हवा. स्लॅब पडल्यावर त्यावर पाणी साठवून ठेवा आणि भिंतींवर रोज पाणी मारा. हे पाणी मारायचे काम नेहमी आपल्याकडेच येते, आणि ते हलके समजले जाते. खरे तर पहिल्या दोन आठवड्यांच्या पाण्यावरच घराची ताकद ठरते.

मिस्त्रीशी भांडायचे नाही. ‘दादा, जरा ओळंबा लावून दाखवा’ एवढे म्हटले तरी पुरते. चांगल्या मिस्त्रीला विचारणारी मालकीण आवडते, कारण त्याच्या चांगल्या कामाची किंमत तिलाच कळते.

आणि ज्या मैत्रिणी बांधकामावर मजुरीला जातात त्यांच्यासाठी एक. वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केले असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. नोंद झाली की तुम्ही कुणाच्या हाताखालची बाई राहत नाही, कागदावर बांधकाम कामगार होता. ती नोंद केली नसेल तर या महिन्यात करा.

पुढच्या बैठकीत गटाच्या पैशातून एक पिशवी घेऊन ठेवता येईल. तिच्यात ओळंबा, दहा-पंधरा मीटर पारदर्शक नळी, दोरी, टेप आणि गुण्या. गावात ज्या घरी काम निघेल त्या घरी पिशवी जाईल आणि गटातल्या दोघी तिच्याबरोबर जातील. पहिली तपासणी गटाच्या बैठकीच्या खोलीचीच करा. तिची भिंत ओळंब्यात आहे की नाही, ते बघून सगळ्यांनी हात बसवून घ्या.